पहारा ताईचा, झोप दुसऱ्याची

धाकटी चाकांची बॅग ओढत आली, तेव्हा ती दिसण्याच्या आधी तिचा आवाज पोहोचला. बंदरातला तो धक्का तरंगत्या फळ्यांचा होता. दर फळीच्या फटीत चाक अडके, खडखड होई, आणि दोन्ही बाजूंना बांधलेल्या बोटींतून माणसे डोकी वर काढून पाहत. बोटीवर राहणारा माणूस कडक बॅग कधीच आणत नाही. रिकामी झाल्यावर घडी घालून कोपऱ्यात कोंबता येईल अशी पिशवी आणतो. त्यामुळे येणारी बाई जमिनीवरची आहे, हे तिला कुणी काही विचारण्याआधीच साऱ्या धक्क्याला कळले.

"अगं, मऊ पिशवी आण म्हणून फोनवर सांगितलं होतं ना?" ताई डेकवरूनच म्हणाली.

"ही काय लोखंडाची आहे?"

"ही ठेवायला दुसरी बोट घ्यावी लागेल."

"मग मी त्या दुसऱ्या बोटीत राहते. हिच्यात मी तरी कुठे मावणार आहे?"

दोघी बहिणी हसल्या. बॅग शेवटी शेजारच्या बोटीवरच्या मिशीवाल्याकडे ठेवायला दिली. त्याची बोट मोठी होती आणि मिशीही. बॅगेतले कपडे ताईने एका कापडी पिशवीत भरून घेतले.

ताईच्या बोटीचे नाव 'सावकाश'. वर्षभर शिडाच्या बोटीवर राहणारे, वारा नेईल तसे बंदरामागून बंदर फिरणारे जे लोक असतात, त्यांच्यात माणसाला आडनाव लागत नाही; बोटीचे नाव पुरते. म्हणून ताईला सगळे 'सावकाशवाल्या ताई' म्हणत. पूर्वी ती आणि तिचा नवरा मिळून 'सावकाशवाले' होते.

पूर्वीच्याही पूर्वी ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासत असे आणि नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत असे. नोकरी त्याने सोडली की नोकरीने त्याला, याविषयी नातेवाइकांत दोन मते होती, आणि ताईने त्यांचा निकाल कधी लावला नाही. त्याने एक जुनी बोट आणली, सुट्टीच्या दिवशी ती खरवडली, रंगवली, आणि एके दिवशी घर विकून दोघे तिच्यात राहायला गेले, एवढे मात्र सर्वांना मान्य आहे. "जन्मभर वर-खाली करणारा माणूस आडवा कसा जाणार?" असे सासरे म्हणाले होते. तो आडवा गेला, पुष्कळ गेला. दोघांनी मिळून जितके किनारे पाहिले, तितके त्या सासऱ्यांना नकाशावरही दाखवता आले नसते.

बोटीच्या पोटात दोन्ही कडांना एकेक अरुंद पलंग, मधे घडीचे टेबल, पायाने दाबला की पाणी देणारा नळ, आणि बोट कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून बिजागऱ्यांवर झुलणारी शेगडी. दोन माणसांना एकमेकांना ओलांडायचे तर एकाने बसावे लागे. अशा जागेत नवरा-बायको वर्षानुवर्षे राहिले म्हणजे अष्टौप्रहर एकमेकांच्या सहवासात राहिले, असे जमिनीवरच्या लोकांना वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. भर समुद्रात बोट थांबत नाही. वारा फिरतो, मोठी जहाजे आडवी येतात, म्हणून कुणीतरी एकजण सतत जागा लागतो. दोनच माणसे असली की एकाचा पहारा आणि दुसऱ्याची झोप. पहारा संपला की एकाने दुसऱ्याला हलवून उठवायचे, वारा कुठला, दिवे कुठे दिसले, चहा थर्मासात आहे, एवढे सांगायचे आणि त्याच्याच पलंगावर जाऊन पडायचे. तेवढाच पलंग झोपण्यालायक, कारण दुसरा हेलकाव्यांत माणसाला बाहेर फेकतो. एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्याच्या वाट्याला यायची, माणूस मात्र यायचा नाही. ताईचा बराचसा संसार त्या उठवण्याच्या आणि उठण्याच्या मधल्या वेळात झाला.

या व्यवहारात एक नियम फार कडक असतो. पहाऱ्याची वेळ झाली की दुसऱ्याला उठवायचेच. स्वतःला झोप आलेली नसली, दुसरा गाढ झोपलेला असला, कीव आली, तरीही उठवायचे. इथे कुणाला झोपू देणे हा उपकार नव्हे. तो अपमान समजला जातो. 'तुझ्या हाती बोट देववत नाही' असे तोंडावर सांगण्यासारखे ते आहे.

नवरा गेल्यापासून 'सावकाश' या बंदरातून हलली नव्हती. शेजारी बदलत राहिले. दर हंगामात नव्या बोटी येत, नवी जोडपी ताईला चहाला बोलावत, आणि ती त्यांना नवऱ्याची गोष्ट सांगे. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात ताई स्वतःलाच सापडेनाशी झाली. मग वारा फिरे, आणि ती जोडपी पलीकडच्या किनाऱ्याकडे निघून जात. काही दिवस सकाळी रेडिओवर त्यांचे आवाज येत, दिवसेंदिवस खरखरत जात, आणि एका सकाळी नुसती खरखर उरे. रेडिओच्या टप्प्याबाहेर गेलेल्या माणसाशी आपली मैत्री आहे की होती, हे तिला नीट ठरवता येत नसे.

यंदा तिने ठरवले होते की आपणही पलीकडे जायचे. बांधून ठेवलेली बोट हळूहळू घर होते. डेकवर कपड्यांची कायमची दोरी येते, खाली गालिचा येतो, शिडे पिशवीतून निघत नाहीत. ताईचा उजवा खांदाही कुरकुरू लागला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होते. आणि एकटीने जाता येणार नाही, हेही.

"एक रात्र जागाल हो ताई," मिशीवाला म्हणाला होता, "पण पलीकडे जायला आठवड्यांमागून आठवडे लागतात. झोपणार कधी? सोबत बघा कुणाची तरी."

म्हणून धाकटीला फोन गेला होता. धाकटी नुकतीच नोकरीतून मोकळी झाली होती. मुलगा दूर, नवरा फार पूर्वीच दुसरीकडे. आधी एक छोटी फेरी करायची, समोरच्या बेटावर जाऊन यायचे. जायला एक दिवस-रात्र, यायला तेवढेच. जमले तर धाकटी पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत येणार, नाही जमले तर नाही. बोलणे असे अगदी स्पष्ट झाले होते.

दुपारी दोघी निघाल्या. हवा चांगली होती. धाकटी शिकायला चटपटीत होती. जन्मभर सलाइनच्या थेंबांवर नजर ठेवलेली परिचारिका ती. होकायंत्राचा काटा दोन रेघांच्या मधे ठेवायचा, हे तिला एकदाच सांगावे लागले. लाल दिवा दिसला तर जहाजाची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी, दोन्ही एकदम दिसले तर ते आपल्याकडेच येते आहे, हेही तिने दोनदा म्हणून पाठ केले.

"आणि हे काय?" सुकाणूला जोडलेल्या पेटीकडे बोट दाखवून तिने विचारले.

"तो जावई."

"म्हणजे?"

"आपोआप सुकाणू धरतो. पण बॅटरी भारी खातो, सारखा कुरकुरतो, आणि खरी लाट आली की रुसून बसतो. तुझ्या भावजींनी ठेवलेलं नाव."

धाकटी इतकी हसली की हातातला कप लवंडला. बऱ्याच काळाने त्या बोटीवर दुसऱ्या माणसाचे हसणे ऐकू आले. ताई शीड ताणण्याच्या निमित्ताने पुढे गेली आणि तिथे आवश्यकतेपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली.

संध्याकाळी त्यांनी पहारे वाटून घेतले. पहिला ताईचा, मध्यरात्रीनंतरचा धाकटीचा.

"नक्की उठवशील ना?"

"उठवीन गं बाई. तुला काय पलंगावर पाहुणचार करायला आणलंय?"

धाकटीला जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे. वरच्या झाकणातून उन्हाचा चौकोन खाली पडला होता आणि बोटीबरोबर पुढे-मागे सरकत होता. ती तशीच वर आली. ताई टोपी कानांवर ओढून सुकाणूपाशी बसली होती. डोळे लाल, ओठ मिठाने फुटलेले.

"उठलीस? चहा आहे थर्मासात."

"ताई, मला उठवलं का नाहीस?"

"इतकी गाढ झोपली होतीस. म्हटलं, झोपू दे."

"आपलं ठरलं होतं."

"पहिलाच दिवस होता गं. मला काही झोप येत नव्हती."

"मी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, ताई. अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळला. मला झोपेचं दान कसलं करतेस? तिथे कुणी मला न उठवता माझी पाळी ओढली असती ना, तर मी थेट मोठ्या सिस्टरकडे तक्रार नेली असती. इथे कुणाकडे नेऊ? मोठी सिस्टर तूच!"

ताई हसली. धाकटी हसली नाही. ती मागच्या कठड्याकडे वळली, आणि वळली तशीच थबकली.

"ते काय ओढत चाललोय आपण?"

बोटीच्या मागे, पाण्यात बुडत आणि वर येत, एक नारिंगी गोळा येत होता. कोळ्यांच्या जाळ्याचा तरंगता गोळा. त्याची दोरी सुकाणूच्या पात्याला अडकली होती, आणि तिच्यामागे जाळ्याचा फाटका शेपटा.

"आत्ताच अडकलं असेल," ताई म्हणाली.

धाकटीने पाण्याकडे पाहिले, मग ताईकडे. असे काही अडकले की बोट जड होते, सुकाणू हाताला ओढ देते. जाग्या माणसाला ते कळल्याशिवाय राहत नाही. एवढे तिला एका दुपारच्या शिकवणीत समजले होते, आणि ते शिकवणारी तिच्यासमोर बसली होती. गोळा केव्हापासून मागे होता, हे ताईला सांगता येत नव्हते. मधे काही वेळ तिचा डोळा लागला होता, आणि तो किती वेळ, हेही तिला ठाऊक नव्हते. बोटीवर त्या वेळी दोन बायका होत्या आणि दोघीही झोपलेल्या होत्या.

दोघींनी शीड सोडले, काठीच्या आकड्याने दोरी ओढून घेतली आणि कापली.  मग धाकटीने सुकाणूवर हात ठेवला.

"जा. झोप आता. लख्ख उजेड आहे, समोर बेट दिसतंय, वाट चुकायला जागा नाही."

ताई खाली गेली. धाकटीची ऊब अजून पलंगात होती. ती आडवी झाली, डोळे मिटले. दोर करकरला. शीड जरा सैल आहे का? ती पायरीपर्यंत आली.

"काय गं?"

"पाणी हवं होतं."

"पाणी खाली आहे."

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. या वेळी वारा फिरला असे तिला वाटले होते. वारा फिरला नव्हता. तिसऱ्या वेळी ती काहीच न बोलता पायरीवर उभी राहिली, आणि धाकटीने मागे वळूनही पाहिले नाही.

"ताई, तू कधी झोपतेस?"

"झोपते की."

"बंदरात. पण अशी, दुसऱ्याच्या हाती बोट देऊन?"

ताई पायरीवरच बसली. उत्तर तिला माहीत होते.

पूर्वी ती झोपत असे. नवरा वर, ती खाली. लाटा कशाही असोत, ती दगडासारखी झोपत असे. तो चिडवायचाही, की तुला उठवायला भोंगा आणावा लागेल. शेवटच्या मोठ्या प्रवासात ते बदलले. त्याच्या डोळ्यांत पिवळसर छटा दिसू लागली होती, जेवण जात नव्हते, आणि किनारा दोन्ही बाजूंनी सारखाच लांब होता. तिने त्याला उठवणे बंद केले. पहिल्या दिवशी तो वर आला तो भडकूनच. "उठवलं का नाहीस? मी काय सामान आहे?" दुसऱ्या दिवशीही भांडला. मग एका सकाळी तो वर आला, उन्हाकडे पाहिले, चहा घेतला आणि काही बोलला नाही. तो रागावला नाही, त्या क्षणी तिला सगळे समजले. पुढे रुग्णालयात डॉक्टरांनी जे सांगितले, त्यात तिला नवीन काही नव्हते. धक्क्यावरच्या जोडप्यांना सांगायच्या गोष्टीत हा भाग कधी आला नव्हता.

दुपारनंतर दोघी बेटाला लागल्या. धक्क्यालगत एक कॅन्टीन होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काउंटरवर पुसून ओलसर राहिलेले फडके, आणि भिंतीवर फेरीबोटीचे वेळापत्रक. धाकटीने दोन चहा सांगितले आणि वेळापत्रकाकडे पाठ करून बसली.

तिथे ताईने तिला तो प्रवास सांगितला. नेहमीच्या गुळगुळीत शब्दांत तो सांगता येईना. अडखळत, मागे-पुढे होत तिने सांगितला. धाकटी ऐकत होती. रुग्णाच्या नातेवाइकांचे ऐकण्याची सवय असलेली माणसे जशी ऐकतात, मधे न बोलता, तशी.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस?"

"काही नाही. ऐकलं असतं."

चहा आला. दोघींनी तो निवू दिला.

"ताई, राग मानू नकोस," धाकटी म्हणाली. "तुला सोबत नकोच आहे. तुला बोटीत झोपलेलं माणूस हवंय. तू वर बसणार, ते खाली झोपणार, आणि तुला वाटणार, सगळं ठीक आहे. मी नुसती खाली झोपून समुद्र ओलांडायला येऊ?"

"पुढच्या वेळी उठवीन."

"उठवशील?"

ताईला हो म्हणायचे होते. तोंडापर्यंत आलेही होते. पण समोर बसलेल्या बाईला तिने लहानपणी कडेवर घेऊन जोजवले होते. तिच्याशी खोटे बोलायची सवय नव्हती, आणि आता लावून घेण्यात अर्थ नव्हता.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. बराच वेळ ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"माझ्याकडे ये त्यापेक्षा. एक खोली रिकामीच असते."

"तिथे येऊन काय करू?"

"झोप."

यावर दोघी पुन्हा हसल्या, आणि हसताना धाकटीचे डोळे भरले. संध्याकाळच्या फेरीबोटीने ती गेली. जाताना तिने ताईचा खांदा दाबून पाहिला, औषध बदलायला सांगितले, आणि कठड्यावर वाकून ओरडली, "बॅग तुझ्या मिशीवाल्याकडून घेऊन जाते गं!" फेरीबोट वळली आणि हात हलवणाऱ्यांत ती कोणती, हे दिसेनासे झाले.

ताईने 'सावकाश' एकटीने परत आणली. तेवढे तिला जमण्यासारखे होते.

बंदरात निघण्याची गडबड सुरू झाली होती. पाण्याच्या टाक्या भरल्या जात होत्या, डोलकाठ्यांवर माणसे चढून दोर तपासत होती. मिशीवाल्याने तिला येताना पाहिले आणि कडेला लावायला हात दिला.

"धाकट्या बाई बॅग घेऊन गेल्या परवा. कधी येताहेत परत?"

"नाही येत ती."

"अरेरे. मग दुसरं कुणी बघू की. माझ्या ओळखीचा एक मास्तर आहे, चांगला माणूस, पोहता येतं, बडबड नाही. विचारू का?"

"नका विचारू."

"का हो? हंगाम जाईल."

"मी त्यालाही उठवणार नाही," ताई म्हणाली.

मिशीवाला फिरस्ता होता. त्याला पुढचे विचारावे लागले नाही. तो मिशी ओढत आपल्या बोटीवर गेला. त्याच दिवशी ताईने बंदराच्या कचेरीत जाऊन सांगितले की 'सावकाश' यंदाही इथेच राहील. टेबलामागची मुलगी म्हणाली, "बरं ताई," आणि फोनवरचे अर्धे राहिलेले बोलणे पुढे सुरू केले.

बोटी एकेक करून निघाल्या. निघणाऱ्या बोटीचे दोर धक्क्यावर राहणाऱ्याने सोडून द्यायचे असतात. निघणाऱ्यांना तेवढीच मदत लागते आणि राहणाऱ्यांना तेवढीच करता येते. मिशीवाल्याची बोट सर्वांत शेवटी निघाली. ताईने पुढचा दोर खुंट्यावरून काढला, वेटोळे करून फेकला. मिशीवाल्याच्या बायकोने तो पाण्याला न लागू देता झेलला. मग मागचा.

"पोचलो की कळवतो हो ताई!"

"सावकाश जा."

बोट धक्क्यापासून हातभर सुटली, मग बोटीच्या लांबीइतकी, मग मधले पाणी रुंदावत गेले. बंदराच्या तोंडाशी शीड वर चढले आणि फुगले. मिशीवाला सुकाणूपाशी बसला. त्याच्या बायकोने दोर गुंडाळून जागेवर ठेवले, नवऱ्याला काहीतरी म्हणाली आणि खाली उतरली. तिचा पहारा नंतरचा असणार. ताई शीड दिसेनासे होईपर्यंत धक्क्यावर उभी होती. शेजारची जागा रिकामी झाल्यामुळे तिथल्या पाण्यावर ऊन सरळ पडत होते, आणि त्याची तिरीप 'सावकाश'च्या बंद झाकणावर हलत होती.